मनशीळ, जिवाणू आणि रक्ताचा कर्करोग

जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत असत. तो पिवळा हरताळ आणि तांबडी मनशीळ ही दोन्ही आर्सेनिक व गंधक यांची खनिजे होत. सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. त्याची ख्याती विष म्हणूनच. तथापि याच द्रव्याचे शुद्ध व मोजून दिलेले इंजेक्शन आज रक्ताच्या एका कर्करोगात प्राण वाचविते. हा रोग मुलांनाही होतो, म्हणून बालरोगतज्ज्ञ या नात्याने त्याविषयी लिहीत आहे.

अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रोगात पंधराव्या व सतराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एक सदोष प्रथिन तयार होते. त्यामुळे रक्तपेशी अर्धवट वाढीतच अडकतात. आर्सेनिक या प्रथिनाला चिकटून त्याचा नाश घडवून आणते. चीनमध्ये हार्बिन येथे १९७०च्या दशकात या उपचाराचा आरंभ झाला. अमेरिकेत २००० साली त्यास मान्यता मिळाली. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९९८ पासून केवळ आर्सेनिक देऊन उपचार करण्यात आले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ७२ रुग्णांपैकी सुमारे ८६ टक्के रुग्णांत रोग पूर्णपणे ओसरला. मुलांविषयीच्या २००४ च्या अहवालात हे यश ११ पैकी १० मुलांत दिसले.

मग जिवाणूंचा संबंध कोठे येतो? मनशीळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे पोटात घेतल्यास तिच्यातील आर्सेनिक किती शोषले जाईल याचा भरवसा नसतो. खाणींच्या आम्लयुक्त पाण्यात वाढणारा ‘ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स’ हा जिवाणू लोह व गंधक यांपासून ऊर्जा मिळवितो. तो फेरस लोहाचे फेरिक लोह करतो, फेरिक लोह खनिज फोडते, गंधकाचे आम्ल बनते आणि आर्सेनिक द्रावणात उतरते. कर्नाटकातील हट्टीच्या सोन्याच्या खाणीत आर्सेनिकयुक्त खनिजात अडकलेले सोने मोकळे करण्यासाठी याच तत्त्वावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. ए. नटराजन यांनी संशोधन केले. चीनमधील लान्चो येथील संशोधकांनी हीच रीत मनशिळेला लावली व मिळालेले द्रावण कर्करोगाच्या पेशींवर आणि उंदरांवर तपासले. परिणाम आशादायक आहेत. परंतु प्रयोगशाळेतील द्रावण म्हणजे रुग्णाचे औषध नव्हे. त्यातील आर्सेनिकचे प्रमाण, रूप व शुद्धता प्रत्येक वेळी सारखी राखणे ही पुढील कसोटी आहे.

रुग्णालयात आर्सेनिक साधारणतः दर किलो वजनास रोज ०.१५ मिलिग्रॅम देतात; सोबत ईसीजी, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. म्हणून ‘आर्सेनिकने कर्करोग बरा होतो’ एवढेच ऐकून कोणी मनशिळेची पूड मुलाला देऊ नये.

या रोगात सुरुवातीच्या दिवसांतील रक्तस्राव सर्वाधिक घातक ठरतो. हिरड्यांतून रक्त येणे, मार न लागता अंगावर निळे-जांभळे डाग उठणे, घोळणा फुटून न थांबणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रक्ततपासणी व्हावी. जांबोटीच्या रानातील वाडीवरून बेळगाव गाठण्यास वेळ लागतोच. त्यात ‘उद्या पाहू’ची भर नको. व्यवसायबंधूंना विनंती एवढीच की, स्लाइडवर शंका येताच रुग्णाला तत्काळ मोठ्या केंद्रात पाठवावे आणि तेथील तज्ज्ञांशी बोलून, जनुकीय अहवालाची वाट न पाहता ट्रेटिनॉइन सुरू करावे. उपचार उपलब्ध आहे. रुग्ण त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचविणे आपल्या हाती आहे.