शाळेतील एक शांत खोली

आपल्या बहुतेक शाळांमध्ये प्रयोगशाळा, ग्रंथालय व संगणक कक्ष असतो. खेळताना गुडघा फुटला तर प्रथमोपचाराची पेटीही तत्परतेने उघडली जाते. परंतु वर्गात बसल्याबसल्या ज्याचा जीव घाबरा होतो, हातापायांना घाम फुटतो, त्या मुलाने कोठे जावे? पुष्कळ शाळांजवळ या प्रश्नाचे उत्तर नसते. मग ते मूल ‘पोटात दुखते’ असे सांगून घरी जाते.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सुमारे चार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असा निर्देश दिला.

समुपदेशकाची नेमणूक झाली तरी तो बसणार कोठे, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही. मुख्याध्यापकांच्या कार्यालयाला लागून असलेल्या खोलीत कोणतेही मूल आपणहून जाणार नाही. तेथे शिक्षेसाठीच बोलावतात, हे त्याला पहिलीपासून ठाऊक असते! खोली येण्याजाण्याच्या वाटेवर, पण गजबजाटापासून थोडी दूर असावी. चटई, दोनतीन खुर्च्या, चित्रे काढण्याचे साहित्य, पिण्याचे पाणी आणि मंद उजेड एवढे पुरे. दाराला काच असावी, म्हणजे आतले बोलणे बाहेर ऐकू येत नाही, पण आत कोण आहे हे दिसते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ही काच आम्हांस अत्यावश्यक वाटते.

मुलाने शिक्षकांना सांगून यावे, दहापंधरा मिनिटे बसावे, श्वास सावकाश सोडावा. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ दिला की हृदयाची धडधड मंदावते. म्हणून हा साधा उपाय उपयोगी पडतो. नंतर त्याने वर्गात परतावे. तेच मूल तासाला वारंवार येऊ लागले, तर मात्र समुपदेशकाने त्याच्याशी सविस्तर बोलावे. मस्तीखोर मुलांना या खोलीत डांबण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. एकदा तसे घडले की खोलीचे नाव खराब झालेच.

सर्वांत नाजूक बाब गोपनीयतेची. मुलाचे बोलणे शिक्षकदालनात चहाबरोबर चघळले गेले, तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. तथापि ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचनही समुपदेशकाने देऊ नये. मुलाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना कळवावेच लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. ही मर्यादा पहिल्याच भेटीत मुलाला समजावून सांगावी.

पालकांचा संकोच आम्ही जाणतो. ‘आमचे मूल वेडे आहे काय?’ हा प्रश्न पालकसभेत हमखास निघतो. अशा वेळी समुपदेशकानेच उभे राहून या खोलीत काय चालते ते सांगावे, आणि पालकांना एकदा आत नेऊन दाखवावे.

ज्या शाळेत अद्याप समुपदेशक नाही, तिने निदान केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फलकावर ठळक लिहावा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास मिळते, आणि तेथे मराठीतही बोलता येते.