पावलांतला ताल

स्वित्झर्लंड देशात एका विस्तीर्ण सरोवराच्या काठी जिनीव्हा हे शहर वसलेले आहे. तेथील संगीत विद्यालयात १८९२ साली एमील झाक-दाल्क्रोझ या तरुण संगीतकाराची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्यांचा जन्म १८६५ साली व्हिएन्ना येथे झाला होता. निरनिराळ्या स्वरांचा एकमेकांशी मेळ कसा घालावा, हे शास्त्र त्यांना शिकवावयाचे होते. विद्यार्थी चांगले तयारीचे होते. वाद्यावर त्यांची बोटे सफाईने फिरत, वहीतील स्वरलेखनही बिनचूक असे. तरीही थोड्याच दिवसांत एक विलक्षण गोष्ट दाल्क्रोझ यांच्या ध्यानात आली. विद्यार्थी जे स्वर लिहीत, ते त्यांना मनात ऐकू येत नसत. गणित सोडवावे, तसे ते संगीत सोडवीत होते. तालाची अवस्था तर याहून बिकट होती. काही जणांना साधी एकसारखी गती सांभाळता येत नसे.

अशा विद्यार्थ्याविषयी शिक्षक सहसा म्हणतात, “याच्या अंगी तालच नाही.” हा निकाल एकदा लागला, की त्या बिचाऱ्याचे संगीत तेथेच संपते. दाल्क्रोझ यांना मात्र तो मान्य नव्हता. त्यांच्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली जाते. वाजवावयास बसला, की त्याचा ताल हमखास चुके. पण तोच विद्यार्थी चालू लागला, की त्याची पावले अगदी सारख्या अंतराने पडत. मग याच्या अंगी ताल नाही, असे कसे म्हणावे? पायांना जे ठाऊक होते, ते बोटांपर्यंत पोहोचत नव्हते, एवढेच. संगीत ऐकताना विद्यार्थी नकळत पायाने ठेका धरतात, मान डोलावतात, हेही दाल्क्रोझ यांनी पाहिले होते. ताल आधी शरीराला कळतो आणि मग बुद्धीला, अशी त्यांची खात्री होत गेली.

आपल्याकडे ही गोष्ट तितकीशी नवलाची वाटणार नाही. फुगडी घालणाऱ्या मुलींना मात्रा मोजावयास कोणी सांगत नाही. तबला शिकणारा मुलगाही तोंडाने बोल म्हणत हातावर टाळी आणि खाली दाखवितो. त्या काळच्या युरोपातील विद्यालयांत मात्र मुले ताठ बसून पुस्तकातील चिन्हे वाचीत आणि त्यांचा अर्थ पाठ करीत.

दाल्क्रोझ यांनी बाके बाजूला सारली. मोकळे दालन, एका कडेला पियानो आणि अनवाणी मुले, असा त्यांचा वर्ग भरू लागला. पियानो वाजू लागला, की मुलांनी चालावयाचे. एका मात्रेस एक पाऊल. स्वर दुप्पट जलद झाले, की धावावयाचे. पियानो थांबला, की जेथे असेल तेथे निश्चल उभे राहावयाचे. खेळ सोपा वाटतो, पण धावते शरीर एका क्षणात थांबविणे सोपे नसते. आरंभी मुले एकमेकांवर आदळतात आणि पोट धरून हसतात. हळूहळू कान सावध होतात, आणि स्वर थांबताच पायही थांबू लागतात. पुढे शिक्षक मध्येच “हॉप!” असा शब्द उच्चारतो. तो ऐकताच उडी मारावयाची, किंवा मागे वळावयाचे, किंवा जे आधी ठरले असेल ते करावयाचे.

याहून अवघड खेळ मोठ्या मुलांसाठी असे. हातांनी चार मात्रांचे आवर्तन दाखवावयाचे आणि पायांनी स्वर चालावयाचे. दोन मात्रा टिकणारा स्वर आला, तर पाऊल एकच. दुसऱ्या मात्रेला गुडघा किंचित वाकवावयाचा. सर्वांत कठीण म्हणजे पियानोच्या एक आवर्तन मागे राहून चालणे. पाय नुकताच ऐकलेला तुकडा चालत असतात आणि कान त्याच वेळी पुढचा तुकडा टिपून घेत असतात. भल्याभल्यांची येथे तारांबळ उडते.

हे केवळ करमणुकीसाठी नव्हते. जलद चालीत पाऊल लहान पडते, सावकाश चालीत ते लांब पडते. म्हणजे वेळ, जागा आणि अंगातील जोर या तिघांचा हिशेब शरीराला एकदमच करावा लागतो. कित्येकांना वाटते, की जलद ते अवघड. प्रत्यक्षात फार सावकाश चालताना एका पायावर तोल अधिक वेळ सांभाळावा लागतो, आणि लहान मुले तेथेच डगमगतात. शिवाय त्यांचे पाय आखूड, म्हणून त्यांची स्वाभाविक चाल मोठ्या माणसाहून जलद असते. यासाठी जाणता शिक्षक आधी मुलांची चाल पाहतो आणि पियानो तिच्याशी जुळवितो. मुलांनी पियानोशी जुळवून घेण्याची पाळी नंतर येते. लहानग्यांपुढे ‘मात्रा’ हा शब्दही काढण्याचे कारण नसते. घोडा दौडतो, म्हातारा काठी टेकीत येतो, एवढे सांगितले तरी पुरते. अशा मुलांसाठी दाल्क्रोझ यांनी हावभावांसह म्हणावयाची गाणीही रचली.

या प्रयोगाचे स्वागत मात्र सहजासहजी झाले नाही. विद्यालयाच्या चालकांना ही पद्धत रुचली नाही, आणि मुलांमुलींनी उघड्या पायांनी नाचावे, हे शहरातील सनातनी मंडळींना अनुचित वाटले. एदुआर क्लापारेद या मानसशास्त्रज्ञाने मात्र त्यांना उत्तेजन दिले. पुढे जर्मनीत ड्रेस्डेनजवळ हेलराउ या नव्या वसाहतीत १९११ साली त्यांच्यासाठी मोठी वास्तू बांधण्यात आली आणि देशोदेशींचे विद्यार्थी तेथे येऊ लागले. या शिक्षणाला इंग्रजीत ‘युरिद्मिक्स’ म्हणतात. चांगला ताल, अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव आले आहे.

तीनच वर्षांनी, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले. जर्मन तोफांनी फ्रान्समधील रॅंस येथील प्राचीन प्रार्थनामंदिराची हानी केली, तेव्हा तिच्या निषेधपत्रकावर दाल्क्रोझ यांनी सही केली. या एका सहीने हेलराउचे दरवाजे त्यांना बंद झाले. इतक्या कष्टाने उभे राहिलेले काम हातचे गेले. वयाच्या पन्नाशीत त्यांनी जिनीव्हास पुन्हा आरंभ केला, आणि १९१५ साली तेथे नवी संस्था स्थापन झाली. १९५० साली याच शहरात त्यांचे निधन झाले. ती संस्था आजही चालू आहे आणि अगदी लहान मुलेही तेथे शिकावयास येतात.