सीटखालचं इंजिन (भाग ७) : व्हॉल काढायचा की बदलायचा?

मागच्या भागात रेडिएटरच्या झाकणाबद्दल बोललो. आज थर्मोस्टॅट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘व्हॉल’.

एका एप्रिलमध्ये खंबाटकीच्या चढावर माझ्या जुन्या ओम्नीचा काटा लाल पट्टीला टेकला. घाटाखालच्या मिस्त्रींनी पाच मिनिटांत व्हॉल काढून माझ्या हातावर ठेवला. “आपल्याकडे थंडी कुठंय साहेब? ह्याची गरजच नाही.” गाडी घरी पोचली, म्हणून मलाही पटलं. चूक कळायला डिसेंबर उजाडला. सकाळी चोक आत ढकलला की गाडी अडखळायची, ॲव्हरेज घसरलं होतं आणि ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढुरका थर साचला होता. मूळ दुखणं होतं चोंदलेल्या रेडिएटरमध्ये. ते तसंच राहिलं आणि बिचारा व्हॉल बाहेर गेला.

या डबीत विशिष्ट तापमानाला वितळणारं मेण असतं, त्यात तांब्याची पूड मिसळलेली. मेण वितळलं की फुगतं, दांडी ढकलतं, तबकडी उघडते आणि पाणी रेडिएटरकडे वाहू लागतं. गार झालं की स्प्रिंग तबकडी पुन्हा मिटवते. वीज नाही, वायर नाही.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान राखतो, कमाल नाही. तो पूर्ण उघडला की त्याचं काम संपलं. पुढची जबाबदारी रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंपाची. त्यामुळे ८२ अंशांचा काढून ७६ चा बसवला, तरी घाटात तापणारी गाडी तापतेच, फक्त थोडी उशिरा. उलट सपाट रस्त्यावर इंजिन कायम कोमट राहतं. पेट्रोल नीट जळत नाही, ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत तर संगणक इंजिन गार आहे असं समजून जास्तच पेट्रोल सोडत राहतो. एलपीजीवाल्यांचं आणखी वेगळं : वायू तयार करणाऱ्या रिड्यूसरला ऊब याच पाण्यातून मिळते.

आणि ८८ अंशांचा चालेल का? ०.९ बारचं झाकण शाबूत असेल तर पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून लगेच धोका नाही. पण पंख्याचा स्विच मूळ आकड्याशी जुळवलेला असतो. म्हणून नियम एकच : कंपनीने दिला तोच आकडा.

ओम्नी १९८४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. पस्तीस वर्षांत इंजिनाची इंधनव्यवस्था बदलली, म्हणून दुकानात नुसतं ‘ओम्नीचा व्हॉल’ म्हणू नका. गाडीचं साल सांगा, जुना व्हॉल सोबत न्या आणि चार गोष्टी जुळवा : कोरलेला आकडा, कडेचा व्यास, उंची आणि खालची दुसरी तबकडी. ही दुसरी तबकडी काही इंजिनांत बायपासची वाट बंद करते. अशा इंजिनातून व्हॉल काढला, तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो. म्हणजे गार करायला गेलो आणि तापवून बसलो!

नवा व्हॉलही तपासून घ्या. पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तबकडी हलायला हवी. पूर्ण उघडायला त्यापुढे दहा-पंधरा अंश लागतात. महाबळेश्वरात पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा तिथे पूर्ण उघडला नाही म्हणून माल परत करू नका.

बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवा आणि छोटी हलती पिन असेल तर ती वरच्या अंगाला. तिथूनच अडकलेली हवा निघते. पॅकिंग नवं घाला. मग गाडी चालू करून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाइपला हात लावा. आधी गार आणि मग एकदम गरम झाला, तर काम चोख. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल उघडाच अडकलाय.

कुणी व्हॉल काढून द्यायला लागलं, तर आधी रेडिएटर उघडून दाखवायला सांगा. पुढच्या आठवड्यात तोच साफ करू.