क्लचप्लेट बदलण्याआधी

2019 साली हीरोची एक्सपल्स ही मोटरसायकल आली आणि डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाडी घालण्याची हौस मध्यमवर्गीय खिशाच्या आवाक्यात आली. पावसाळ्यातल्या रविवारी मुळशी, भोर, वेल्ह्याच्या वाटांवर अशा गाड्या आता सर्रास दिसतात. पाऊस ओसरला की एक तक्रारही ठरलेली असते : "गाडी ओढत नाही." गॅरेजवाला म्हणतो, "प्लेटा गेल्या." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण नीट न तपासता प्लेटा टाकल्या, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. घर्षणाचा थर दिलेल्या प्लेटा आणि साध्या पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात. लिव्हर ओढली की दाब सुटतो, प्लेटा मोकळ्या होतात. रस्त्यावर हाफ क्लच लागतो तो गाडी उचलताना, क्षणभर. चिखलात किंवा दगडांच्या चढावर तोच हाफ क्लच मिनिटभर धरला जातो. प्लेटा एकमेकींवर घासत राहतात आणि ती सगळी उष्णता जेमतेम लिटरभर ऑइलला सोसावी लागते.

क्लचचे आजार मुख्यतः दोन, आणि तेही एकमेकांच्या उलट. पहिला घसरण्याचा. तिसऱ्या-चौथ्या गिअरला गाडी चढावर घ्या, रस्ता मोकळा आहे हे पाहा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. इंजिनाचे फेरे झपकन वाढले आणि वेग जागच्या जागी राहिला, तर क्लच घसरतोय. सपाटीवर भार कमी असतो, त्यामुळे सुरुवातीची घसरण तिथे कळतच नाही. दुसरा आजार न सुटण्याचा. लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते, न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर खाडकन पडतो.

दोन्हींत आधी हात लावायचा तो केबलला. लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 15 मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, हवी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. प्ले अजिबात नसेल तर प्लेटा कधीच पूर्ण दाबल्या जात नाहीत, म्हणजे नव्या प्लेटाही घसरणार. जास्त असेल तर क्लच सुटणार नाही. मग ऑइल. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 असा शिक्का हवा. कारचं ऑइल घर्षण कमी करण्यासाठी बनवलेलं असतं आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं. चुकीचं ऑइल असेल तर आधी ते बदलून गाडी थोडी चालवून बघा. एवढं करूनही घसरण थांबली नाही, तरच कव्हर उघडा.

बहुतेक गाड्यांत क्लच उजव्या बाजूला असतो. ऑइल काढून घ्या. कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्याला भोकं पाडून ज्याचा त्याच्या जागी खोचून ठेवा. जुनं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. ॲल्युमिनियमवर चरा पडला की तिथून ऑइल गळणार. स्प्रिंगांचे बोल्ट तिरपे समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करा आणि प्लेटा निघतील त्या क्रमाने मांडून फोटो काढा.

जळलेल्या क्लचचा उग्र वास लपत नाही. घर्षण प्लेटांची जाडी व्हर्निअरने तीन-चार ठिकाणी मोजा. नवी प्लेट साधारण 3 मिलिमीटरची असते आणि त्यातले काही दशांश झिजले की ती बाद. पोलादी प्लेटांवर निळसर डाग दिसले तर त्या तापल्या आहेत. सपाट काचेवर ठेवून फीलर गेजने त्यांचा बाक तपासा. स्प्रिंगांची मोकळी लांबीही मोजा. तापून त्या आखूड होतात आणि दाब कमी पडतो.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे बास्केट, प्लेटा जिच्यात बसतात ती वाटी. तिच्या उभ्या बोटांमध्ये घर्षण प्लेटांचे कान बसतात आणि आदळून आदळून तिथे खाचा पाडतात. बोटांच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकत असेल तर प्लेटांचे कानही तिथेच अडकणार. प्लेटा सरकणार नाहीत आणि नवा सेट टाकूनही न्यूट्रल सापडणार नाही. बारीक चरे सपाट कानशीने साफ करता येतात, मात्र बेताने, कारण फट रुंदावली की प्लेटा जास्त आपटतात. खाच खोल असेल तर बास्केटच बदला. त्यासाठी मधला नट काढावा लागतो आणि हब धरायचं खास हत्यार लागतं. दात्यांमध्ये स्क्रू ड्रायव्हर अडकवून जोर लावला तर दातेच तुटतात, म्हणून हे काम हत्यार असलेल्या मेकॅनिककडेच द्यावं.

नव्या घर्षण प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच वापरात करपतात. काही गाड्यांत एखादी प्लेट वेगळ्या मापाची असते, कुठे शेवटच्या प्लेटचे कान वेगळ्या खाचेत बसतात; फोटो इथे कामाला येतो. स्प्रिंगांचे बोल्ट पुन्हा तिरपे आवळा, पण पुस्तिकेतल्या टॉर्कइतकेच. हा टॉर्क फार थोडा असतो आणि मनगटाच्या अंदाजाने आवळणाऱ्यांच्या हातून आटे हमखास जातात. शेवटी नवं पॅकिंग, नवं ऑइल आणि पुन्हा प्ले.

परदेशी बनावटीच्या अनेक डर्ट बाइकना केबलऐवजी हायड्रॉलिक क्लच असतो. काहींत मिनरल ऑइल लागतं, काहींत ब्रेक फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं ओतलं तर सील फुगतात आणि क्लच निकामी होतो. क्लचच्या फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं वाचूनच बाटली उघडा.

स्वतः करणार नसाल तरी गॅरेजात थोडा वेळ थांबा. जुन्या प्लेटा आणि स्प्रिंगा मागून घ्या, आणि कव्हर बंद होण्याआधी बास्केटची बोटं दाखवायला सांगा.