दोन 'बे'

कामगारांचे अर्ज व करारमदार लिहिता लिहिता शब्द उकलून पाहण्याची सवय आम्हांस लागली. एकेका अक्षरावर मजुराचा पैसा अडतो, हे तेथेच कळले. असेच एक अक्षर म्हणजे 'बे'.

बेकार, बेमुदत, बेदखल यांतील 'बे' हा उपसर्ग फारसी आहे. अर्थ 'वाचून', 'विना'. बहामनी अमदानीपासून आपल्या मुलखात दरबारी लिखापढी फारसीत चाले. निजामाच्या राज्यात १८८० नंतरच्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली आणि १९४८ साली ते राज्यच गेले. 'बे' मात्र गेला नाही, उलट घरचा झाला. बेचव, बेसूर, बेभान यांत त्याच्या पुढचा शब्द इथलाच आहे.

हा 'बे' अभाव सांगतो, त्याहून अधिक काही सांगत नाही. बेमुदत संप म्हणजे कधीच न मिटणारा संप नव्हे. ज्याची मुदत ठरवलेली नाही असा संप. बेकार शब्दातले 'कार' म्हणजे काम. फारसी 'कार' व संस्कृत 'कार्य' ही एकाच धातूची लेकरे. तेव्हा बेकार म्हणजे काम नसलेला, एवढेच. पण बोलण्यात 'बेकार चहा', 'बेकार रस्ता' येऊ लागले आणि काम न मिळालेला माणूसही निकामी ठरू लागला. तोडणीचा हंगाम संपवून घरी आलेल्या मजुराला बेकार म्हणताना एवढे ध्यानात ठेवावे की उणीव कामाची आहे, माणसाची नाही.

दुसरा 'बे' पाढ्यातला : बे एके बे. बेचाळीस या संख्येतही तोच आहे. तो संस्कृत 'द्वि'पासून प्राकृतातून आला. लॅटिनमधला 'बि' हा त्याचाच चुलतभाऊ. इंग्रजीत तो 'बाय' झाला, म्हणून दोन चाकांची ती बायसिकल. या 'बे'चे फारसी 'बे'शी नाते नाही, उच्चार तेवढा जुळला.

आता हे दोघे उसाच्या फडात कसे भेटतात ते पहा. आपल्या जिल्ह्यातून दरसाल हजारो जोडपी तोडणीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि उचल त्या कोयत्यावर मिळते. ऊस तोडणे, मोळी बांधणे, डोक्यावर वाहणे, यांत चार हात राबतात. शाळेतले पोर 'बे एके बे' म्हणते आणि मुकादमाच्या वहीत त्याचे आईबाप दोघे मिळून एकच भरतात. बाईची मजुरी मग बेहिशेबी राहते. पाढ्यातला 'बे' विसरला की फारसी 'बे' त्याच्या जागी येऊन बसतो, तो असा.

म्हणून करारावर अंगठा उठवण्यापूर्वी विचारावे : यात माणसे किती धरली आहेत? आणि दोघांची नावे दोन ओळींत लिहून घ्यावीत.