मोजमाप झाले, पुढे काय?

शिट्टी वाजते, मुले धावतात, गुरुजी घड्याळ पाहून आकडे मांडतात आणि वही कपाटात बंद होते. आपल्याकडील पुष्कळ शाळांतील शारीरिक चाचणी एवढ्यावरच आटोपते. सिल्वासा-खानवेल परिसरातील वारली, कोकणा, धोडिया मुलांचा विचार करताना ही गोष्ट आम्हांस अधिकच खटकते. 'रानातली पोरे, मुळातच काटक' अशा कौतुकाआड आपण त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याची जबाबदारी तर टाळीत नाही ना?

चाचणीचे शास्त्र नवे नाही. अमेरिकेच्या हवाई दलातील डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली बारा मिनिटांच्या धावेवरून दमसास अजमावण्याची रीत मांडली. आपल्या 'खेलो इंडिया'च्या शालेय चाचणीतही ९ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ५० व ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणे, जोर अशा साध्या कसोट्या आहेत. घड्याळ, फीत आणि मैदान एवढ्यावर काम भागते.

परंतु आकडा हे निदान होय, औषध नव्हे. एक मुलगा ५० मीटर वाऱ्यासारखा कापतो, पण ६०० मीटरला मागे पडतो. दुसऱ्याचे नेमके उलट. दोघांना एकच सराव देणे म्हणजे दोन रोग्यांस एकच मात्रा देणे होय. उणीव पाहून सराव ठरवावा आणि सहा-आठ आठवड्यांनी तीच चाचणी त्याच मैदानावर, त्याच वेळी पुन्हा घ्यावी. पहिल्यांदा अनवाणी धावलेला मुलगा दुसऱ्यांदाही अनवाणीच धावावा. तुलना शेजारच्याशी नव्हे, त्याच्याच मागील आकड्याशी व्हावी. कारण तेराव्या वर्षी दोन मुलांची वाढ सारखी नसते.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. या प्रदेशातील आदिवासी समाजात सिकलसेल आजार आढळतो. अशा मुलास उन्हात, तहानलेल्या स्थितीत जिवाच्या आकांताने धावावयास लावणे धोक्याचे आहे. रक्तातील हिमोग्लोबिन कमी असलेले मूल मागे पडले, तर त्यास आळशी म्हणणे हा अन्यायच. म्हणून आधी रक्ततपासणी, मग शर्यत. आणि तीही मुलास वगळण्यासाठी नव्हे, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यास झेपेल असा व्यायाम देण्यासाठी.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीचे ब्राँझपदक मिळविले. आदिवासी पाड्यावरील गुण मार्गदर्शनाची जोड मिळताच कोठवर जातात, याचा हा पुरावा आहे. २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवशी एक झालेल्या या प्रदेशाच्या प्रशासनाने प्रत्येक शाळेतील ती वही कपाटाबाहेर काढावी, एवढीच आमची अपेक्षा आहे. मुले धावावयास तयारच आहेत. त्यांच्या धावेचा अर्थ लावण्याचे काम मोठ्यांचे आहे.