रावेरच्या बागेत सारा मॅनिंग

'ऑर्फन ब्लॅक' ही कॅनडात बनलेली विज्ञानमालिका बघायची असेल तर ती रावेर-यावल पट्ट्यात बसून बघावी, असं माझं ठाम मत आहे. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला ती थरारकथा वाटते. केळीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला तीत ओळखीचं बरंच काही सापडतं.

मालिका 30 मार्च 2013 ला सुरू झाली. पहिल्याच भागात सारा मॅनिंग नावाची कफल्लक, उचापती मुलगी रात्रीच्या वेळी रेल्वे फलाटावर उतरते. थोड्या अंतरावर एक बाई रडत असते. ती पर्स खाली ठेवते, पायातले बूट काढते आणि वळते. चेहरा हुबेहूब साराचा. दोघींची नजरानजर होते न होते तोच ती बाई धडधडत येणाऱ्या गाडीपुढे पाऊल टाकते. सारा काय करते? पर्स उचलते आणि पळते. नायिकेची अशी ओळख करून देणारी मालिका मला तिथेच आवडली. पुढे कळतं की मेलेली बेथ, सारा आणि जगभर विखुरलेल्या कित्येक जणी एकाच जनुकसंचातून घडवलेल्या आहेत. क्लोन.

धुळ्याची मावशी आमच्याकडे आली होती, तिला मी मुद्दाम दोन-तीन भाग दाखवले. संशोधक कोसिमा, शिस्तीची गृहिणी अ‍ॅलिसन, युक्रेनहून आलेली खादाड, रानटी हेलेना अशी एकेक पात्रं येऊन गेल्यावर तिने विचारलं, "हाई एकच बाई शे?" हो म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही, आणि त्यात तिची चूक नव्हती. तातियाना मास्लानीने पाच पर्वांत, 50 भागांत डझनाहून अधिक भूमिका केल्या. दोघी एकाच खोलीत बोलत असतील तर आधी ती एक भूमिका करायची आणि समोर कॅथरिन अलेक्झांड्र ही दुसरी नटी उभी राहायची. मग कपडे, केस, चाल सगळं पालटून तोच प्रसंग उलट बाजूने. कॅमेरा यंत्राच्या हातावर बसवलेला, दर खेपेला अगदी त्याच वाटेने फिरणारा, म्हणून दोन्ही चित्रं एकमेकांत बसवता यायची. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी चार क्लोन एकत्र नाचतात. प्रत्येकीचा नाच वेगळा, आणि तो बघताना ही यंत्रं आठवतही नाहीत. हेलेना नाचते तेव्हा मला दर वेळी हसू फुटतं आणि पोटात तुटतंही. मास्लानीला 2016 मध्ये एमी पुरस्कार मिळाला. माझ्या मते तो तीन वर्षं उशिरा मिळाला.

आता खिडकीबाहेर बघा. पाच बाय पाच फुटांवर लावलेली केळी एकरी साधारण 1742 झाडं भरते. सावदा, फैजपूर, चिनावल, कुठेही बांधावर उभे राहा. समोर पसरलेल्या टिश्यूच्या, म्हणजे ऊतीसंवर्धित रोपांच्या, बागेतलं प्रत्येक झाड शेजारच्या झाडाचा क्लोन असतो. शेजारच्या शेतातल्या बागेचाही, आणि वाण तोच असेल तर समुद्रापलीकडच्या बागांचाही. कॅनडातल्या लेखकांनी जी कल्पना भविष्यातलं भय म्हणून मांडली, ती आपण उपासाला सोलून खातो.

कारण केळीला बी नाही. फळ आडवं कापलं की मधोमध जे बारीक काळे ठिपके दिसतात, ते बी होता होता राहिलेले अवशेष. रानकेळीत त्याच जागी कठीण काळे दाणे खच्चून भरलेले असतात, गर नावापुरता. आपल्या केळीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आहेत, 11 चा एक असे 33. बीज तयार होताना संचांचे दोन सारखे वाटे पडावे लागतात, आणि तिनाचे दोन सारखे वाटे कसे पडणार? म्हणून बी धरत नाही आणि वंश चालतो तो जमिनीतल्या कंदातून फुटणाऱ्या मुनव्यांवर. न्यू गिनी बेटावर कुक नावाच्या दलदलीत सुमारे 7000 वर्षांपूर्वी केळी लावल्याच्या खुणा सापडल्या आहेत. म्हणजे माणूस प्रयोगशाळा बांधण्याच्या कित्येक हजार वर्षं आधीपासून क्लोन काढतो आहे, खुरप्याने. आजोबांची बसराई आणि नातवाची ग्रँड नैन, जिला सगळे 'जी-नाइन' म्हणतात, दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्या. गटाला हे नाव मिळालं ते इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या एका सरदार घराण्यावरून. 1830 च्या दशकात त्यांच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने मॉरिशसहून आलेली केळी वाढवली होती.

1990 च्या दशकात जैन इरिगेशनने जळगावात ग्रँड नैनची ऊतीसंवर्धित रोपं आणली आणि चित्र पालटलं. रीत ऐकायला सोपी आहे. चांगल्या झाडाचा मुनवा घ्यायचा, एकेक पापुद्रा सोलत आत जायचं, शेवटी हाती लागतो तो काही मिलिमीटरचा पांढरा कोंब. तो निर्जंतुक करून काचेच्या बाटलीत अगरवर ठेवायचा. त्या अगरमध्ये साखर, क्षार आणि कोंबाला फुटवे आणणारं संप्रेरक. या मिश्रणाची मूळ पाककृती मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी 1962 मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी लिहिली होती. तीन-चार आठवड्यांत एका कोंबाचे दोन-तीन होतात. ते वेगळे करून नव्या बाटल्यांत. पुन्हा तेच. दर फेरीला तिप्पट धरलं तर आठ फेऱ्यांत एकाचे 6561 होतात. मग मुळं फुटवणं, हरितगृहात हळूहळू ऊन दाखवणं, आणि शेवटी जळगावच्या 45 अंशांत, शेवरीच्या आडोशाला, ठिबकच्या नळीवर.

आठच फेऱ्या का? इथे मला 'स्टार ट्रेक' आठवतं. 'द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेत 1989 मध्ये 'अप द लाँग लॅडर' हा भाग आला होता. मारिपोसा नावाच्या वसाहतीत यान कोसळतं, पाचच माणसं वाचतात. एवढ्यांतून समाज उभा राहणं अशक्य, म्हणून ती स्वतःच्या प्रती काढत राहतात. 300 वर्षांनी प्रतींच्या प्रती फिक्या पडू लागतात. दर खेपेला बारीक चूक, चुकीवर चूक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ही सोयीची बनवाबनवी वाटली होती. पण केळीच्या प्रयोगशाळांचा अनुभव जवळपास हाच आहे. पेशींना संप्रेरकं देऊन फेऱ्यांमागून फेऱ्या वाढवत गेलं की जनुकांत बदल साचतात आणि वेगळीच झाडं निघू लागतात. कॅव्हेंडिशमध्ये सगळ्यात जास्त आढळतं ते बुटकं झाड, कधी जाड, अरुंद, चट्टे पडलेल्या पानांचं. म्हणून फेऱ्या साधारण आठवर थांबवायच्या, नवा मुनवा आणून पहिल्यापासून सुरुवात करायची आणि रोपवाटिकेतच बुटकी रोपं निवडून बाजूला काढायची. मारिपोसाच्या लोकांची अडचण हीच होती की नवा मुनवा आणायला मूळ झाडच उरलं नव्हतं. मग ते भेटीला आलेल्या यानावरच्या रायकर आणि डॉक्टर पुलास्की यांच्या पेशी चोरतात. रायकर तिथे जाऊन स्वतःची अर्धवट घडलेली प्रत शस्त्राने नष्ट करतो, आणि कथा लगेच विनोदाकडे वळते. त्या क्षणावर मालिकेने थांबायला हवं होतं. माझी प्रत मारायचा हक्क मला आहे का, हा प्रश्न टाकून पळून जाणं स्टार ट्रेकला शोभत नाही.

क्लोन म्हणजे हुबेहूब, ही समजूत मात्र 'ऑर्फन ब्लॅक'ने फार सुंदर मोडली. अमेरिकेत टेक्सासमध्ये 22 डिसेंबर 2001 ला जगातलं पहिलं क्लोन मांजर जन्मलं, नाव सीसी. आई, म्हणजे जिची ती प्रत, ती तिरंगी: पांढरी, काळी, नारिंगी. सीसीच्या अंगावर नारिंगीचा टिपूसही नाही. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपवलेलं असतं. ज्या पेशीतून सीसी घडली तिच्यात नारिंगीवालंच झोपलेलं होतं. जनुकं तीच, मांजर दुसरं.

हेलेनाची गोष्ट याच्याही पुढची. सारा तिच्या छातीत गोळी घालते आणि तरी ती जिवंत परतते, कारण तिचं हृदय उजवीकडे आहे. सारा आणि हेलेना एकाच गर्भाशयातल्या जुळ्या, आरशातल्या प्रतिमेसारख्या. लेखकांनी सोय लावून घेतली म्हणून लोक नाकं मुरडतात. पण शरीरातले सगळे अवयव उलट बाजूंना असलेली माणसं असतात, साधारण 10,000 मध्ये एक. गर्भ अगदी कोवळा असताना त्याच्यावरच्या एका खळग्यात अतिसूक्ष्म केस गोल फिरतात आणि द्रवाचा प्रवाह डावीकडे ढकलतात. हृदय कुठे बसणार हे त्या प्रवाहावरून ठरतं. जनुकं केस बनवून देतात. केस हलले नाहीत तर डावं-उजवं नशिबावर. हे वाचल्यापासून हेलेनाच्या परतण्याला मी हसत नाही.

तिसऱ्या पर्वातले सैनिकी पुरुष क्लोन, ज्यांची सगळी सोंगं आरी मिलेनने वठवली, ते बहुतेक चाहत्यांना कंटाळवाणे वाटले, मलाही. आता वाटतं की त्यांचं एकसारखं असणं हाच मुद्दा होता. एकाच छावणीत, एकाच हुकमाखाली, आपण कोण हे माहीत असलेले. अ‍ॅलिसन उपनगरात वाढली, हेलेना मठात मार खात. बागेतही हेच. तीच रोपं पावसाळी मृगबागेत लावली, हिवाळ्याआधीच्या कांदेबागेत लावली, तर निसवण वेगळी, घड वेगळा, रास वेगळी. काळ्या कसदार जमिनीवरचा घड आणि बरड्यावरचा घड शेजारी ठेवले तर एका आईचे म्हणून कुणी ओळखणार नाही.

सारखेपणाची खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पहिल्या पर्वाच्या शेवटाला कोसिमा खोकते आणि हातावर रक्त दिसतं. आधी एक जर्मन क्लोन त्याच आजाराने खंगलेली असते. जनुकातला एक दोष, सगळ्यांत सारखा. सगळ्या आपापल्या शहरांत, आपापल्या आयुष्यांत, आणि आजार एकच. यानंतरचं प्रत्येक पर्व मी रावेरचा माणूस म्हणून पाहिलं. 2020 च्या पावसाळ्यात इथे केळीवर हरण्या आला, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. मावा तो काकडीवर्गीय पिकांवरून, मिरचीवरून, तणांवरून उचलून आणतो. पानावर पिवळे पट्टे, मग पोगा सडतो. औषध नाही. झाड उपटायचं, लांब नेऊन गाडायचं. एका झाडाला तोंड देता येत नाही, म्हणजे शेजारच्यालाही येणार नाही, त्याच्या शेजारच्यालाही नाही. रानात एखादं तरी चिवट निघालं असतं. बागेत ते निघत नाही, कारण दुसरं कुणी तिथे नाहीच.

डॉली या क्लोन मेंढीची हकीगत इथे आठवते. ती 1996 मध्ये जन्मली आणि 2003 मध्ये फुप्फुसाच्या आजाराने गेली, तेव्हा क्लोन लवकर मरतात असा गवगवा झाला. आजार विषाणूचा होता. पुढे त्याच पेशींतून डेबी, डेनिस, डायना आणि डेझी अशा चौघी जन्मल्या. 2016 मध्ये त्यांची तपासणी झाली तेव्हा त्या वयाच्या मानाने ठणठणीत होत्या. म्हणजे क्लोन असणं हा काही आजार नाही. एकटा क्लोन इतरांइतकाच धडधाकट असू शकतो. अख्ख्या मळ्यात तोच एक असला की पंचाईत होते.

पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग 1 जून 2013 चा. त्यात कोसिमाला स्वतःच्या जनुकांत लपवलेला मजकूर सापडतो: या शरीरावर क्लोनांमागच्या कंपनीचा पेटंट हक्क आहे. मी अंगावर काटा घेऊन बसलो होतो, आणि 13 जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरियड खटल्यात निकाल दिला की निसर्गात आढळणाऱ्या जनुकावर पेटंट घेता येणार नाही, प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रतीवर मात्र घेता येईल. कोसिमा या दुसऱ्या वाक्यात अडकली असती. आपल्याकडच्या 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात बियाण्याची व्याख्या झाड उभं करू शकणाऱ्या कुठल्याही भागाला लागू होते आणि ते राखून ठेवायचा, शेजाऱ्याला द्यायचा शेतकऱ्याचा हक्क कायम आहे. बांधावरून मुनवे द्यायची जुनी रीत त्यात बसते. मालिकेत कंपनीच्या बाजूने उभ्या असलेल्या क्लोन रेचल डंकनला हा कायदा अजिबात आवडला नसता.

शेवटच्या भागात कळतं की साराच्या अशा 274 बहिणी जगात आहेत. कोसिमा आणि तिची जोडीदार डेल्फिन गावोगाव फिरून त्यांना त्या आजारावरची लस टोचतात, तुम्ही कोण हे न सांगता. त्यांपैकी एक कोलंबियात भेटते. तो भाग ऑगस्ट 2017 चा. ऑगस्ट 2019 मध्ये त्याच कोलंबियात केळीवर टीआर-4 सापडला. ही मातीतून पसरणारी बुरशी, आणि कॅव्हेंडिशकडे तिला उत्तर नाही. तिच्याच भावंडाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रोस मिशेल हा तेव्हाचा निर्यातीचा वाण बाजारातून घालवला होता, आणि कॅव्हेंडिश आली ती त्याच्या जागी. टीआर-4 बिहार आणि उत्तर प्रदेशात पोचलेला आहे.

मारिपोसाच्या लोकांना डॉक्टर पुलास्कीने सुचवलेला तोडगा आठवतो? शेजारच्या ग्रहावरून आलेल्या गावंढळ, कोंबड्या-बकऱ्या बाळगणाऱ्या लोकांशी सोयरीक करा, आणि प्रत्येक बाईने किमान तीन वेगवेगळ्या पुरुषांपासून मुलं होऊ द्यावीत. भागात हे हशासाठी आहे, आणि क्लोन मंडळींचे चेहरे बघण्यासारखे होतात. केळीची सोयरीकही अशीच जमली: ऑस्ट्रेलियात जेम्स डेल यांच्या गटाने बियांनी भरलेल्या, खायला निरुपयोगी अशा रानकेळीतून एक जनुक उचललं आणि कॅव्हेंडिशमध्ये घातलं. त्या वाणाला, क्यूकॅव्ह-4 ला, फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे परवानगी मिळाली. टीआर-4 च्या मातीत तो तग धरतो. मारिपोसाचा तो भाग पुढच्या खेपेला मावशीला दाखवायचा आहे.